दोन्ही कोपऱ्यांतला माणूस

जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये झाली. फ्रेझर तोवर अजिंक्य होता. मुहम्मद अलीलाही त्याने धूळ चारली होती. त्याच्याच मोटारीतून त्या संध्याकाळी डॉन किंग नावाचा एक धिप्पाड माणूस स्टेडियमवर आला. क्लीव्हलंड शहरात आपल्याकडच्या मटक्याच्या जातीचा आकड्यांचा जुगार चालवून त्याने पैसा केला होता, मारहाणीत एका माणसाचा जीव घेतल्याबद्दल तुरुंगवास भोगला होता आणि सुटून त्याला दीड वर्षही झाले नव्हते. लढत सुरू झाली आणि फोरमनने दोन फेऱ्यांत फ्रेझरला सहा वेळा आडवे केले. फ्रेझर कोसळत गेला तसतसा किंग आपली जागा सोडून फोरमनच्या कोपऱ्याकडे सरकत गेला, आणि पंचाने लढत थांबवली तेव्हा तो नव्या जगज्जेत्याच्या शेजारी उभा होता. परतीचा प्रवास त्याने फोरमनच्या मोटारीतून केला. जगज्जेत्याबरोबर आलो आणि जगज्जेत्याबरोबरच गेलो, अशी ही हकिकत किंग पुढे कित्येक वर्षे स्वतःच मिटक्या मारत सांगत राहिला.

त्या हकिकतीतले तिखटमीठ वजा केले तरी एक गोष्ट उरते. प्रेक्षक दोनच माणसांचा हिशेब करतो, एक जिंकणारा आणि एक हरणारा. लढत जुळवणारा तिसरा माणूस त्या हिशेबात नसतो. निकाल काहीही लागो, आपली खुर्ची हलू नये, यासाठीच त्याची सारी धडपड चाललेली असते. पुढच्या पानांत ज्या व्यवहारांची ओळख होणार आहे ते याच तिसऱ्या माणसाचे व्यवहार आहेत. कधी तो प्रमोटर असतो, कधी मॅनेजर, कधी पट्टे वाटणारी संघटना, कधी वाहिनी किंवा कॅसिनो, आणि अलीकडे तर चक्क सरकार.

मोठ्या लढतीमागचे हितसंबंध म्हटले की मराठी वाचकाला आधी नुरा कुस्ती आठवते. दोघांनी आतून ठरवून घेतले, मैदानाला गंडवले आणि इनाम वाटून घेतले, झाले. असले प्रकार मुष्टियुद्धातही घडले आहेत आणि काहींची कबुली सिनेटच्या समितीपुढे शपथेवर दिली गेली आहे. पण निकाल विकत घेणे हा या धंद्यातला सर्वांत जोखमीचा आणि बहुधा सर्वांत कमी किफायतीचा उद्योग. खरी कमाई निकालाच्या बरीच आधी असते. कोणाला लढायला मिळेल, कोण ताटकळत राहील आणि जिंकणारा जिंकल्यावर कोणाच्या दावणीला बांधलेला असेल, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याला निकालाशी काही देणेघेणे उरत नाही.

हा अधिकार खासगी हातांत जाऊ शकला, कारण या खेळाला घर नाही. क्रिकेटला आयसीसी आहे, तिचे दौऱ्यांचे वेळापत्रक आहे. टेनिसला मानांकन आणि ड्रॉ आहे. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसऱ्याशी खेळायचे नसले तरी अंतिम फेरीत खेळावेच लागते. व्यावसायिक मुष्टियुद्धात यातले काही नाही. प्रत्येक मोठी लढत हा सुटा व्यवहार असतो, पहिल्या कागदापासून नव्याने रचलेला.

त्या व्यवहारात पैसा फिरतो तो साधारण असा. प्रमोटर दोन्ही योद्ध्यांना ठरावीक रकमेची हमी देतो. धंद्यात तिला पर्स म्हणतात. त्या पर्समधून मॅनेजर आपला वाटा काढतो, प्रशिक्षकाचा हिस्सा जातो, आणि लढत विजेतेपदाची असली तर पट्टा देणारी संघटना आपली टक्केवारी कापते. प्रमोटरची वसुली तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि जागेचा मालक यांच्याकडून होते. शेवटचे नाव नवख्याला चमत्कारिक वाटेल. एरवी कार्यक्रम करणारा सभागृहाला भाडे देतो. लास वेगासमध्ये सभागृह कार्यक्रम करणाऱ्याला पैसे मोजते. कॅसिनोला तिकिटांत फारसा रस नसतो. लढतीच्या रात्री पुढच्या रांगांत बसणारी बडी गिऱ्हाइके पहाटेपर्यंत जुगाराच्या टेबलांवर किती हरतील, यावर त्याचे गणित बसलेले असते. त्या रात्रीपुरते दोन जगज्जेते हे कॅसिनोच्या दारावरचे आमंत्रण असतात.

या कलेचा पहिला उस्ताद टेक्स रिकार्ड. २ जुलै १९२१ रोजी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत लाकडी फळ्यांचे अवाढव्य मैदान उभारून त्याने जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत लावली. कार्पेंतिए अंगाने डेम्प्सीहून बराच हलका होता आणि जाणकारांना निकालाबद्दल फारशी शंका नव्हती. रिकार्डने मात्र लोकांना विकली ती कहाणी. पहिल्या महायुद्धात पदके मिळवलेला देखणा फ्रेंच वैमानिक एका बाजूला, आणि युद्धावर जायचे टाळल्याचा आरोप झालेला रांगडा अमेरिकन दुसऱ्या बाजूला. डेम्प्सीने चौथ्या फेरीत काम संपवले. तिकिटांचे जवळजवळ १८ लाख डॉलर जमले. एका लढतीने १० लाखांचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

दोनच वर्षांनी याच डेम्प्सीच्या नावावर एक अख्खे गाव बुडाले. माँटाना राज्यातल्या शेल्बीच्या परिसरात नुकतेच तेल सापडले होते, आणि गाव नकाशावर यावे म्हणून तिथल्या पुढाऱ्यांनी जगज्जेत्याची लढत आणायचे ठरवले. डेम्प्सीचा मॅनेजर जॅक कर्न्स याने ३ लाख डॉलरची हमी मागितली, तीही हप्त्याहप्त्याने आगाऊ. गावाने वर्गणी काढली, बँकांनी हात सैल सोडला, ४० हजार माणसे बसतील असे मैदान बांधले. पैसे वेळेवर येतील की नाही, लढत होईल की नाही, अशा उलटसुलट बातम्या देशभर छापून येत राहिल्या आणि बाहेरगावच्या लोकांनी बेत रद्द केले. ४ जुलै १९२३ रोजी पैसे भरून आलेले प्रेक्षक होते सुमारे सात हजार. प्रतिस्पर्धी टॉमी गिबन्स पूर्ण १५ फेऱ्या टिकला आणि त्याच्या हाती जवळजवळ काहीच पडले नाही. कर्न्स मात्र गल्ल्यात जमले तेवढेही गोळा करून खास गाडीने निघून गेला, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या भागातल्या बँका एकामागून एक बंद पडल्या. मोठी लढत आपल्या दारी आणू पाहणाऱ्या शहरांनी आणि राष्ट्रप्रमुखांनी शेल्बीची गोष्ट वाचायला हवी होती. वाचून ते थांबले असते असे मात्र वाटत नाही.

रिकार्ड आणि कर्न्स एकेका लढतीचे व्यापारी होते. पुढच्या पिढीला सगळा बाजारच हवा होता. १९४९ साली हेवीवेट जगज्जेता जो लुई निवृत्त झाला तेव्हा रिकाम्या विजेतेपदासाठीच्या दावेदारांचे करार बांधून ते शिकागोचा धनाढ्य जेम्स नॉरिस आणि त्याचा भागीदार आर्थर वर्ट्झ यांच्या हवाली करण्यात आले. त्यातून इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब उभा राहिला. मोठी मैदाने त्यांची, दूरचित्रवाणीवरच्या आठवड्याच्या लढती त्यांच्या, आणि अमेरिकेतल्या बहुतेक विजेतेपदाच्या लढतीही त्यांच्याच. पडद्यामागे फ्रँकी कार्बो हा माफियाचा माणूस होता. धंद्यात त्याचे नाव कुजबुजत घेतले जाई आणि ‘मिस्टर ग्रे’ म्हणून घेतले जाई. कोणत्या योद्ध्याच्या मॅनेजरवर त्याचा हात आहे यावर त्या योद्ध्याचे नशीब ठरे.

१९६० साली सिनेटर केफॉवर यांच्या समितीपुढे जेक लमोटाने जबानी दिली. १९४७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली फॉक्सविरुद्ध आपण मुद्दाम हरलो, हे त्याने कबूल केले. का हरला, याचे त्याने दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. तो पैशांसाठी हरला नव्हता. वर्षानुवर्षे मिडलवेटचा अग्रगण्य दावेदार असूनही त्याला विजेतेपदासाठी लढू दिले जात नव्हते. ते दार उघडावे म्हणून तो हरला, आणि वर त्यासाठी २० हजार डॉलर मोजावे लागल्याचेही त्याने सांगितले. १९४९ मध्ये त्याला संधी मिळाली आणि मार्सेल सेर्दांला हरवून तो जगज्जेता झाला. म्हणजे विकला गेलेला सामना हे निव्वळ चलन होते. माल होता तो रांगेतला क्रमांक.

न्यायालयाने १९५९ मध्ये नॉरिसची मक्तेदारी मोडून काढली आणि १९६१ मध्ये कार्बोला २५ वर्षांची सजा झाली. पण रांगेच्या नाक्यावर बसून वसुली करण्याची कल्पना कार्बोबरोबर तुरुंगात गेली नाही; ती वकिलांच्या कचेरीत शिरली. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचवर कॅशस क्ले, म्हणजे नंतरचा मुहम्मद अली, आणि सनी लिस्टन यांची लढत झाली. लिस्टन जिंकणार याबद्दल जवळपास सगळ्यांचे एकमत होते. तरीही लिस्टनचा हिस्सा असलेल्या कंपनीने क्लेच्या पुढच्या लढतीचे हक्क ५० हजार डॉलरना आधीच विकत घेऊन ठेवले होते. लिस्टन खुर्चीवरून उठला नाही, क्ले जगज्जेता झाला, आणि त्याची पुढची लढत हरलेल्याच्या कंपनीच्या खिशात होती. यावर सिनेटमध्ये सुनावणी झाली, एका संघटनेने अलीची मान्यता काढून घेतली, बोस्टनमधून हुसकली गेलेली परतीची लढत शेवटी मेन राज्यातल्या लुइस्टन या छोट्या गावी अडीच हजारांपेक्षाही कमी प्रेक्षकांसमोर उरकली. करारातली ही युक्ती मात्र टिकली. जगज्जेत्याशी लढायचे तर आव्हानवीराने पुढच्या काही लढतींचे हक्क जगज्जेत्याच्या प्रमोटरला लिहून द्यायचे. डॉन किंगने तिचा सढळ वापर केला. किंग्स्टनमध्ये त्याला निदान जागेवरून उठून चालत जावे लागले होते. या कलमाने तेही श्रम वाचवले.

अलीच्या काळात रकमांची पट्टीच बदलली. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या अली-फ्रेझर लढतीत दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले, तेव्हा लोक चक्रावले. तो पैसा उभा करणारा जेरी पेरेंचिओ हॉलिवूडमधला कलाकारांचा एजंट होता. त्याआधी त्याने एकही लढत भरवली नव्हती. बहुतेक भांडवल घातले जॅक केंट कुक याने, जो लॉस एंजेलिसच्या लेकर्स या बास्केटबॉल संघाचा मालक. वसुली व्हायची होती चित्रपटगृहांतून, जिथे लोक तिकीट काढून पडद्यावर थेट लढत पाहत. मैदानातल्या प्रेक्षकांपेक्षा दूरच्या प्रेक्षकांचा पैसा मोठा झाला, आणि मग लढत पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नेता येऊ लागली.

ती झाईरला नेली गेली. किन्शासामधल्या ३० ऑक्टोबर १९७४ च्या अली-फोरमन लढतीवर इतके लिहिले गेले आहे की दोरांवर रेलून मार खाणारा अली आणि आठव्या फेरीत कोसळणारा फोरमन हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. ती लढत जुळली कशी, ही हकिकत त्या आठ फेऱ्यांहून कमी रंगतदार नाही. किंग तेव्हा व्हिडिओ टेक्निक्स या प्रक्षेपण कंपनीशी जोडलेला होता. कंपनीचा प्रमुख हँक श्वार्ट्झ. किंगकडे पैसा नव्हता. त्याने अलीला ५० लाख डॉलर कबूल केले, फोरमनलाही तेवढेच कबूल केले आणि दोघांच्या सह्या मिळवल्या; फोरमनने कोऱ्या कागदांवर सही करून दिली, असेही सांगितले जाते. आता एक कोटी डॉलर शोधायचे होते. तोवर एका लढतीसाठी कोणी एवढे मोजले नव्हते.

थोडा पैसा हेमडेल या ब्रिटिश चित्रपट कंपनीकडून आला. उरलेल्यासाठी झाईरचा हुकूमशहा मोबुटू पुढे आला. १९६५ मध्ये सत्ता बळकावलेल्या या गृहस्थाला आपल्या देशाचे नवे नाव जगाच्या तोंडी बसवायचे होते, आणि तांब्याचे भाव चढे असल्याने तिजोरीही हलकी नव्हती. व्यवहारात रिस्नेलिया नावाची एक कंपनी मध्ये होती. तिचे कागद पनामाचे आणि बँक स्वित्झर्लंडमधली. दोन कृष्णवर्णीय योद्धे, कृष्णवर्णीय प्रमोटर आणि आफ्रिकेची भूमी ही घोषणा खोटी नव्हती, आणि किंगने ती बेफाम विकली. पण ज्यांच्या नावाने उत्सव चालला होता त्या झाईरच्या लोकांना खर्च विचारून केला नव्हता.

घड्याळाकडे पाहिले की मालक कोण ते कळते. लढत किन्शासाच्या वेळेनुसार पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दहा वाजतात. ती आधी २५ सप्टेंबरला व्हायची होती; सरावात फोरमनच्या भुवईवर जखम झाली आणि पाच आठवडे लांबली. तिच्या जोडीला ठरलेला संगीत महोत्सव मात्र ठरल्या दिवशीच उरकला गेला, पाहुण्यांशिवाय. त्या महोत्सवासाठी चित्रित केलेली फीत पैशाच्या आणि मालकीच्या भांडणात दोन दशके अडकून पडली. तिच्यातून ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ हा माहितीपट तयार होऊन १९९६ मध्ये बाहेर आला आणि त्याला ऑस्कर मिळाले. किन्शासानंतर वर्षभरात फिलिपिन्समध्ये मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या राजवटीत अली आणि फ्रेझर पुन्हा भिडले, तेही सकाळी पावणेअकराच्या सुमारास.

किंगचा हात नंतर कोणाकोणाच्या पर्समध्ये गेला याची यादी लांब आहे. दोन नोंदी पुरेत. १९८० मध्ये आजारी, थकलेल्या अलीला लॅरी होम्ससमोर उभे करताना ८० लाख डॉलर कबूल झाले होते. प्रत्यक्षात दहा लाखांहून अधिक कमी पडले, अलीने दावा लावला आणि शेवटी ५० हजार डॉलर रोख घेऊन तो मागे घेतला. माइक टायसनने १९९८ मध्ये किंगवर १० कोटी डॉलरचा दावा केला. २००४ मध्ये तो १ कोटी ४० लाखांवर मिटला. मधल्या काळात टायसनचे दिवाळे निघाले होते.

पट्ट्यांबद्दल थोडे. एकेकाळी एका वजनगटाला एक जगज्जेता असे. आज डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापले पट्टे वाटतात, शिवाय ‘सुपर’, ‘अंतरिम’, ‘फ्रँचायझी’ अशी उपप्रकरणे आहेतच. जितके पट्टे तितक्या विजेतेपदाच्या लढती, आणि तितकी टक्केवारी. मानांकन ठरवणारेही हेच. आयबीएफचा संस्थापक बॉब ली याच्यावर मानांकनासाठी लाच घेतल्याचा खटला चालला. करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा करण्यासारख्या आरोपांत तो दोषी ठरला आणि त्याला २२ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच खटल्याच्या वेळी टॉप रँकचा प्रमोटर बॉब अरम याने सांगितले की १९९५ मधल्या फोरमन-शुल्झ लढतीला मान्यता मिळावी म्हणून आपण १ लाख डॉलर दिले. अरम हार्वर्डचा पदवीधर, पूर्वाश्रमीचा सरकारी वकील. डब्ल्यूबीओची करामत वेगळ्या जातीची. डॅरिन मॉरिस नावाचा योद्धा २००० च्या ऑक्टोबरमध्ये वारला, आणि २००१ च्या सुरुवातीला या संघटनेच्या यादीत तो वर सरकला.

या पट्ट्यांची धाकटी भावंडे मुंबईलाही येऊन गेली आहेत. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतिअली लढले तेव्हा पणाला डब्ल्यूबीओचे दोन पट्टे होते, एक आशिया पॅसिफिक आणि दुसरा ओरिएंटल. डोकलामचा तणाव ऐन भरात होता आणि लढत भारत विरुद्ध चीन अशीच खपली. रिकार्ड असता तर त्याने वेगळे काही केले नसते. जिंकल्यावर विजेंदरने सलोख्यासाठी पट्टा परत करायची तयारी दाखवली, ही त्याची स्वतःची भर. साडेतीन वर्षांनी, १९ मार्च २०२१ रोजी, रशियाच्या अर्तिश लोपसानने त्याला व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव चाखायला लावला. रिंग होते पणजीत, मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनोच्या जहाजाच्या छतावर. वेगासचे गणित मांडवीच्या पाण्यावरही मांडता येते.

वाहिन्या या खेळात शिरल्या आणि भांडणांचे स्वरूप बदलले. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत २००९ च्या अखेरीस जवळजवळ जुळली होती. रक्ताच्या चाचण्यांच्या अटींवरून ती फिसकटली. लोकांना कारण सांगितले गेले ते एवढेच. मुळाशी जुने वैर होते. मेवेदर पूर्वी अरमच्या करारात होता आणि २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून त्याने स्वतःला सोडवून घेतले होते. पॅकियाओ अजूनही अरमकडे होता. २०१२ मध्ये मेवेदरने पॅकियाओपुढे ४ कोटींची ठोक रक्कम ठेवली, प्रक्षेपणाच्या उत्पन्नात वाटा न देता. तेही बारगळले. २०१३ मध्ये मेवेदर शोटाइम वाहिनीकडे गेला. पॅकियाओ एचबीओकडेच होता. आता दोन माणसांबरोबर दोन कंपन्यांनाही एका टेबलावर बसवायचे होते.

शेवटी शोटाइमची मालक असलेल्या सीबीएसचा प्रमुख लेस मूनव्हेस यात उतरला. त्याची आणि पॅकियाओच्या प्रशिक्षकाची गाठ हॉलिवूडमधल्या एका रेस्टॉरंटच्या वेटरने घालून दिली. दलालीचा मोबदला मिळाला नाही म्हणून त्या वेटरने पुढे दावा केला. जानेवारी २०१५ मध्ये मायामीत बास्केटबॉलच्या सामन्याला आलेले दोघे योद्धे योगायोगाने भेटले, आणि २ मे २०१५ रोजी वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये लढत झाली. वाटणी साठ-चाळीस. अमेरिकेत ४६ लाख घरांनी सुमारे शंभर डॉलर देऊन ती विकत घेतली, नुसत्या तिकिटांचे ७ कोटी २० लाख डॉलर आले. एमजीएम, दोन्ही प्रमोटर आणि दोन्ही वाहिन्या यांनी तिकिटे आपसांत वाटून घेतल्यावर सामान्य प्रेक्षकांसाठी खुल्या विक्रीला उरली ती पाचशेच्या आसपास. मेवेदर ३८ वर्षांचा होता, पॅकियाओ ३६ चा आणि खांद्याने जायबंदी. बारा फेऱ्या झाल्या, मेवेदर गुणांवर जिंकला, आणि पैसे परत मागण्यासाठी प्रेक्षक कोर्टात गेले. पाच वर्षे लांबवल्यामुळे खेळ बिघडला यात वाद नाही. धंदा मात्र लांबवल्यामुळेच फुगला.

अशा कारभाराला लगाम म्हणून अमेरिकेने २००० साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला. प्रमोटरने लढतीतून आपल्याला काय मिळते ते योद्ध्याला सांगावे, एकाच माणसाने मॅनेजर आणि प्रमोटर दोन्ही होऊ नये, जगज्जेत्याशी लढण्याच्या बदल्यात पुढच्या लढती बेमुदत लिहून घेऊ नयेत, अशी त्यातली कलमे. कायदा चांगला आहे. तो वापरायला योद्ध्याकडे वकील आणि धीर दोन्ही लागतात, आणि अमेरिकेच्या हद्दीबाहेर तो चालत नाही.

हद्दीबाहेर काय चालते हे जून २०२० मध्ये ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीनेच जाहीर केले. अँथनी जोशुआबरोबरच्या दोन लढती जुळवल्याबद्दल त्याने एका चित्रफितीत डॅनियल किनाहानचे आभार मानले. किनाहान हा एमटीके या योद्ध्यांच्या व्यवस्थापन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. आयर्लंडच्या उच्च न्यायालयापुढे त्याचे नाव संघटित गुन्हेगारीच्या संदर्भात आले होते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याच्या टोळीवर निर्बंध लादले, परराष्ट्र खात्याने ५० लाख डॉलरपर्यंतचे बक्षीस लावले आणि एमटीके त्याच महिन्यात बंद झाली. त्या दोन लढती काही झाल्या नाहीत. सौदी अरेबियात पहिलीची तारीख ठरत आली असतानाच लवादाने निकाल दिला की फ्युरीने आधी डिओन्टे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायला हवे. जुन्या करारातले एक कलम कोट्यवधींच्या नव्या कराराला आडवे आले.

सौदीकडे पैसा कमी नव्हता आणि घाईही नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये दिरियात जोशुआ आणि अँडी रुइझ यांची परतीची लढत त्यांनी भरवली होती. त्यानंतर सूत्रे तुर्की अललशेख यांच्याकडे आली. ते त्या देशाच्या करमणूक प्राधिकरणाचे अध्यक्ष. एडी हर्न आणि फ्रँक वॉरन हे ब्रिटिश प्रमोटर वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात ते रियाधमध्ये एकाच कार्यक्रमाचे भागीदार झाले. १८ मे २०२४ रोजी तिथेच ओलेक्झांडर उसिकने फ्युरीला हरवले आणि १९९९ नंतर पहिल्यांदा हेवीवेटला एकमेव जगज्जेता मिळाला. तो दोन महिनेही टिकला नाही. आयबीएफला आपल्या नियमाचा आव्हानवीर पुढे हवा होता, म्हणून उसिकने तिचा पट्टा सोडून दिला. मानवी हक्क संघटना म्हणतात की हा सगळा खर्च देशाची प्रतिमा धुण्यासाठी आहे. मोबुटू आणि मार्कोस यांच्या पाहुणचाराची परंपरा पाहता ते खोडून काढणे अवघड आहे. पण चाहत्यांना जे सामने पाच-पाच वर्षे मिळत नव्हते ते मिळू लागले, हेही तितकेच खरे. ज्याला वसुलीची चिंता नाही तो कोणाशीही तडजोड करू शकतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अललशेख यांनी ‘द रिंग’ हे मुष्टियुद्धाचे जुने मासिक विकत घेतले. १९२२ पासून चालत आलेल्या या मासिकाची मानांकने आणि त्याचा स्वतःचा पट्टा यांना संघटनांच्या बजबजपुरीत थोडी विश्वासार्हता होती. १३ सप्टेंबर २०२५ रोजी वेगासमध्ये कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढत झाली तेव्हा पैसा रियाधचा होता, प्रक्षेपण नेटफ्लिक्सचे, आणि प्रमोटर म्हणून पुढे होता यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या कंपनीचा डेना व्हाइट. यूएफसीच्या मालक कंपनीने सौदी भागीदारांसह मुष्टियुद्धाची नवी लीग काढली आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये एक विधेयक मांडले गेले. करार, मानांकन, पट्टा आणि प्रमोशन या चारही गोष्टी एकाच संस्थेने चालवाव्यात, अशी मुभा त्यात आहे. विधेयकाच्या नावातही मुहम्मद अली आहे, आणि दिवंगत अलीची पत्नी लॉनी हिने विधेयकाला पाठिंबा दिला आहे. १९५९ मध्ये न्यायालयाने नॉरिसचा क्लब मोडला तो प्रमोटर, मैदान आणि दावेदारांचे करार एकाच मुठीत होते म्हणून; मानांकन आणि पट्टा तेव्हा निदान कागदोपत्री तरी दुसऱ्याकडे होते.